टिंबाची तारीख

वाचनालयात देवघेवीचं रजिस्टर होतं, तोवर कुणाला उशीर झाला हे काकांचं लाल पेन सांगायचं. शनिवारी संध्याकाळी ते चष्मा कपाळावर चढवून पानं उलटायचे आणि परतीची तारीख टळलेल्या नावापुढे फुली मारायचे. कुणापुढे फुली मारायची आणि कुणापुढे तूर्त राहू द्यायची, हेही तेच ठरवायचे. मग रजिस्टरच्या जागी लॅपटॉप आला, आणि एका रविवारी पोहे-जलेबी संपता संपता कार्यकारिणीने ते काम माझ्या गळ्यात घातलं. "तू ऑफिसात दिवसभर एक्सेलच करतेस ना?" करते. इंदुरात पोहे खाल्ल्यावर नाही म्हणता येत नाही.

मी कंडिशनल फॉरमॅटिंग लावलं, म्हणजे अट जुळली की ओळीला आपोआप रंग. तारखांसाठी त्यात एक तयार यादी असते: काल, आज, उद्या, मागचे सात दिवस, पुढचा महिना वगैरे. 'मुदत टळली' हे काही त्या यादीत नाही. ते सूत्राने सांगावं लागतं. परतीची तारीख 'टुडे'पेक्षा, म्हणजे त्या त्या दिवसाच्या तारखेपेक्षा, लहान असेल तर ओळ लाल, आजपासून तीन दिवसांच्या आत असेल तर पिवळी. हा 'टुडे' मला मनापासून आवडतो. रात्री पिवळी ठेवून गेलेली ओळ सकाळी फाईल उघडावी तर लाल झालेली असते, आणि मधल्या काळात कुणी तिला बोटही लावलेलं नसतं.

पहिल्या दिवशी मात्र पानभर लालच लाल झालं. वरपासून तळापर्यंत, जिथे एकही नाव नव्हतं तिथेही. काकांनी चष्मा खाली घेतला. "हे एवढे कोण? आपले सभासद तर तीनशेच आहेत."

त्या रिकाम्या ओळी होत्या. एक्सेलसाठी तारीख म्हणजे नुसता आकडा. १ जानेवारी १९०० हा एक, तिथून मोजत आलं की १५ मार्च २०२३ बरोबर ४५०००. (या मोजणीत १९०० सालचा २९ फेब्रुवारीही धरलेला आहे, जो कधी उगवलाच नाही. एक्सेलच्या आधीच्या लोटस वन-टू-थ्री या हिशेबाच्या प्रोग्रॅममधली ती चूक जुन्या फायली जुळाव्यात म्हणून तशीच ठेवली.) आणि रिकामा सेल, म्हणजे रिकामी चौकट, त्याच्या लेखी शून्य. ज्याने पुस्तक नेलंच नाही, तो सगळ्यांत जुना थकबाकीदार! 'रिकामा नसेल तर' ही अट घातली तेव्हा कुठे लाली ओसरली.

मग एका आजींनी २१ मेला कादंबरी नेली. परतीची तारीख ५ जून. मी ती ०५/०६ अशी टाकली. लॅपटॉप कुणाच्या तरी मुलाने अमेरिकेहून पाठवलेला, तो महिना आधी वाचणारा. त्याने सरळ ६ मे केला. पुस्तक पिशवीत जायच्या आत आजींना पंधरा दिवसांचा उशीर. तेरा तारखेपासून पुढे हा घोटाळा होत नाही, कारण दुष्काळात तेरावा महिना आपल्याकडे येतो, एक्सेलकडे येत नाही. अशी तारीख तो तारीख मानायलाच तयार नसतो, नुसती अक्षरं म्हणून ठेवून देतो.

काकांना याचं काहीच नवल वाटलं नाही. आमच्या भिंतींवर मुंबईचं कालनिर्णय आणि जबलपूरचं लाला रामस्वरूप शेजारी शेजारी टांगलेली असतात. गोकुळाष्टमी एकाच रात्री, पण आपल्या घरी श्रावण वद्य अष्टमी आणि शेजारच्या हिंदी घरी भादों कृष्ण अष्टमी. शुक्ल पक्षात दोघांचं छान पटतं, पौर्णिमा उलटली की शेजारच्यांच्या महिन्याचं नाव बदलतं. "म्हणजे तुझा लॅपटॉप पौर्णिमान्त आहे," काका म्हणाले, आणि समजावून सांगायचं माझं काम संपलं.

खरी गंमत पुढेच कळली. माझ्या हातून गेलेली पुस्तकं रोज लाल होत होती, काकांच्या हातची कधीच नाही. काका जन्मभर तारीख टिंबं देऊन लिहीत आले, ५.६.२४. आमच्या लॅपटॉपला टिंबाची तारीख कळत नाही, तो तिला मजकूर समजतो. आणि एक्सेलच्या हिशेबात कुठलाही मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा. आज कितीही पुढे सरको, टिंबाची तारीख त्याच्या पुढेच. ओळखायची खूण एकच: खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे टेकते, मजकूर डावीकडे. एका संध्याकाळी बसून मी डावीकडच्या सगळ्या तारखा उजवीकडे आणल्या.

दोनच तेवढ्या आल्या नाहीत. कार्यक्रमांच्या पानावर अहिल्याबाईंच्या नावापुढे ३१ मे १७२५ आणि १३ ऑगस्ट १७९५ लिहिलेलं होतं. १९०० च्या आधी एक्सेलकडे काळच नाही. कसंही टाका, तारखा डावीकडेच. सूत्राला विचारलं तर १७९५ अजून यायचंय. "बरोबरच सांगतोय की," काका म्हणाले. "पालखी दर वर्षी निघते. आणि तीही तिथीने."

गेल्या थंडीत आमचे एक जुने वाचक गेले. निवृत्त मास्तर, दर बुधवारी न चुकता येणारे. त्यांच्याकडे एक चरित्र राहिलं होतं. मुलाने घर आवरताना शोधलं, सापडलं नाही, किंमत भरतो म्हणाला. काकांनी ती घेतली नाही. ओळ मात्र रोज लाल. मी नाव काढून टाकू का विचारलं, तर म्हणाले, पुस्तक आपल्या दप्तरी आहे, नाव कसं काढतेस? तारीख तेवढी पुसते म्हटलं, तर तेही नको. "नेलंय त्यांनी. तारीख असू दे."

मग त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला, त्या सेलवर गेले आणि एका बोटाने तीच तारीख पुन्हा टाकली. दिवस, टिंब, महिना, टिंब, साल. एंटर दाबलं. ओळ पांढरी झाली, तारीख डावीकडे सरकली.

"आता पुढचं कोण बघ," ते म्हणाले.