आमची वाटचाल : मिठीकाठचं मशीन दुरुस्तीचं दुकान

१९८२ च्या संपात वडिलांची गिरणी सुटली ती सुटलीच. ते फिटर. खात्यातल्याच एका मित्राबरोबर (आम्ही त्यांना तात्या म्हणायचो) त्यांनी कुर्ला पश्चिमेला भाड्याच्या गाळ्यात शिलाई मशीन दुरुस्तीचा धंदा मांडला. टायमिंग, म्हणजे सुई आणि तिच्याखालचं बॉबिन धरणारं शटल यांचा मेळ, बसवावं वडिलांनी, गिऱ्हाईक सांभाळावं तात्यांनी. वडिलांनंतर त्यांच्या जागी मी बसलो. ती सगळी वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते २६ जुलै २००५ चं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि कुलाब्याला जेमतेम ७३. त्यामुळे तिकडच्या लोकांना आमचं बोलणं पहिले दोन दिवस खरंच वाटेना. वरून विहार-पवई तलावांचं पाणी मिठी नदीत, खालून माहीमच्या खाडीची भरती, मध्ये आम्ही. गाळ्यात माळ्यापर्यंत पाणी चढलं. लोकांच्या दुरुस्तीला आलेल्या मशिनी, सुटे भाग, वह्या, सगळं गाळात. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी शेजारची घरं लिहिली. आमच्या पावत्या भिजून लगदा झालेल्या, म्हणून नुकसान शून्य! तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

त्याच आठवड्यात जवळचा एक मशीनवाला टेम्पो घेऊन गल्लीबोळांतून फिरला. 'पाण्यात गेलेली मशीन मेली' असं सांगून बायकांकडून किलोच्या भावाने उचलायचा. बिडाची काळी मशीन कधी पाण्याने मरते का? घासून, रंग मारून त्याच मशिनी त्याने पुढे त्याच वस्तीत हप्त्यावर विकल्या. एकीचा तळाचा नंबर मी ओळखला, कारण तिचा सुईदांडा मीच बसवला होता.

तात्यांनी दारात खडूने लिहिलं : 'मशीन विकू नका, आणा. मजुरी नाही, फक्त पार्टचे पैसे.' गल्ला रिकामा असताना मजुरी माफ! मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. रॉकेल मिळेना, तर त्यांनी पंपावरून डिझेल आणलं, पत्र्याच्या टबात ओतलं आणि मशिनी डोक्यापासून बुडवायला घेतल्या.

पलीकडच्या वस्तीतल्या एक आपा गोणीत घालून मशीन घेऊन आल्या, त्या विकायलाच. ब्लाउज, फॉल-बीडिंग करायच्या. त्यांचे मिस्टर त्या मंगळवारी कामाला गेले ते परत आले नाहीत. तात्यांनी त्यातलं काही विचारलं नाही. जुना दात घासायचा ब्रश पुढे केला. "आपा, दात्यांमधला गाळ तेवढा काढा, माझे हात भरलेत." दुसऱ्या दिवशी त्या न बोलावता आल्या. मग आणखी बायका आल्या, कुणाचं घर गेलेलं, कुणाचा पोरगा. ओट्यावर बसून एकमेकींच्या मशिनी घासायच्या. रडणं तिथेच, सरकारला शिव्या तिथेच, आणि हळूहळू हसणंही. दिवाळीला आपांकडे ब्लाउजचे गठ्ठे लागले होते. आजही साधी सुई बदलायला त्या आमच्याकडेच येतात, खरं तर माझ्यापेक्षा झटकन त्या स्वतः बदलतात.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. बुडालेल्या मशीनचं चाक आधी फिरवून बघू नका, गाळाने शटल चरे खातं. नळाच्या पाण्याने धुवा, वाळवा, शटल उघडून डिझेलने साफ करा, लगेच तेल सोडा. मोटर असेल तर प्लग लावायच्या आत वाइंडिंग वाळवून घ्या. आणि ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला 'धीर धरा' सांगायला जाऊ नका. हाताला जमेल असं काही काम असेल तर घेऊन जा.

तात्या गेले. तो टेम्पोवाला आता मोठा डीलर आहे, काचेचं शोरूम आहे. पण टायमिंग बसवणारा कारागीर त्याच्याकडे टिकत नाही, म्हणून त्याची पोरं मशीन घेऊन आमच्याकडेच येतात. तात्यांनी तीसुद्धा वाजवी दरात करून दिली असती. मी दुप्पट लावतो, आणि पैसे आधी घेतो.