धर्मनिरपेक्ष ऑलिव्ह

स्पॅनिशच्या क्लासला एक उतारा मराठीत करून न्यायचा होता. त्यात 'ओलिवोस सेकुलारेस' आले. मी बेधडक लिहिलं, 'ऑलिव्हची धर्मनिरपेक्ष झाडं'. बाईंनी वही परत दिली तेव्हा समासात लाल शाईत एवढंच होतं : 'मतदान करतात का?'

शेकडो वर्षांची, जख्ख म्हातारी झाडं, इतकाच अर्थ. मूळ लॅटिन शब्द 'सेकुलुम', म्हणजे युग, शतक. त्यातूनच 'सिग्लो' आला. सिग्लो म्हणजे शतक, आणि मठाच्या भिंतीपलीकडचं जगही. जोगीण झालेल्या बाईचं आधीचं नाव 'एन एल सिग्लो', म्हणजे 'शतकात' अमुक, असं सांगतात. मठात न राहता गावात राहणारे पाद्री ते 'सेकुलार'. सेक्युलर पाद्री! हसू आलं, पण आपला 'लौकिक' तरी काय? जे लोकांतलं ते लौकिक, आणि घराण्याचा असतो तोही लौकिकच.

एका जागी मात्र हसू मावळलं. इन्क्विझिशनचं, म्हणजे पाखंड्यांना शोधून काढणारं चर्चचं, न्यायालय स्वतः कुणाला जाळत नसे. ज्याला जाळायचं त्या दोषीला 'ब्रासो सेकुलार'कडे, म्हणजे राजसत्तेच्या हाती, सोपवून हात झटकायचं. या सोपवण्याला क्रियापद होतं 'रेलाहार', सैल सोडणं. आज तेच क्रियापद सुट्टीत पाय पसरून निवांत पडण्याला वापरतात.

धर्मनिरपेक्ष राज्यव्यवस्थेसाठी शब्द आहे 'लाइको'. मेक्सिकोने तो २०१२ मध्ये घटनेच्या ४०व्या कलमात घातला. स्पेनच्या १९७८च्या घटनेत तो नाही. कोणताही धर्म राज्याचा नसेल, असं ती म्हणते आणि पुढच्याच वाक्यात कॅथलिक चर्चचं नाव घेऊन सहकार्याचं बोलते. लग्न मात्र सरळ आहे : चर्चमध्ये नाही तर 'पोर लो सिविल'. आपलं रजिस्टर लग्न.

माझे लाडके शब्द शेवटचे दोन. 'लेगो' म्हणजे मठातला, पण पाद्री नसलेला भाऊ. स्वयंपाकघर, मळा, दरवाजा सांभाळणारा. पुढे कुठल्याही विषयातला अडाणी तो लेगो. आणि 'प्रोफानो' : लॅटिनमध्ये 'देवळासमोरचा', आत न गेलेला. 'या विषयात मी प्रोफानो' असं स्पॅनिश माणूस सहज म्हणतो.

परवा बाईंनी क्रियापदांचा एक अवघड काळ शिकवला आणि समजला का विचारलं. मी म्हटलं, "बाई, मी अजून चपलांपाशीच आहे."