नऊ वर्षे लांबवलेला बाप्तिस्मा

मी ख्रिस्तावर विश्वास ठेवला तेव्हा माझे वय २५ होते आणि बाप्तिस्मा घेतला तेव्हा ३४. मधली नऊ वर्षे मी भेटेल त्याला एकच प्रश्न विचारत राहिले: बाप्तिस्म्यावाचून तारण, म्हणजे पापापासून सुटका, होते की नाही? ज्यांनी ‘होते’ असे सांगितले त्यांचे ऐकून मला वाटे, मग घाई कसली. आणि ज्यांनी ‘होत नाही’ असे सांगितले, त्यांची भिस्त कृपेवर नसून कर्मांवर आहे, असे मी मनाशी ठरवून टाकी. दोन्ही उत्तरांनी मी कोरडीच राहिले.

खरी कारणे मला ठाऊक होती. चारचौघांसमोर उभे राहून साक्ष देण्याची धास्ती हे एक. दुसरे अधिक खोल होते: भावाशी माझा पाच वर्षांचा अबोला होता, आणि तो मिटेपर्यंत, किंबहुना एकंदरीत मी थोडी बरी माणूस होईपर्यंत, पाण्यात उतरणे मला ढोंग वाटे. ही चालढकल नवी नाही, हे पुढे वाचनात आले. इ. स. २००च्या सुमारास तर्तुल्लियन या आद्य ख्रिस्ती लेखकाने लहान मुलांचा आणि अविवाहितांचा बाप्तिस्मा लांबवावा असा सल्ला दिला होता, कारण बाप्तिस्म्यानंतरच्या पापांचे काय, ही भीती त्या काळी फार मोठी होती. आणि सम्राट कॉन्स्टंटाईनने तर ३३७ साली मृत्यू जवळ आल्यावरच बाप्तिस्मा घेतला. त्याच्याकडे निदान तेवढा तरी विचार होता. माझ्याकडे फक्त टाळाटाळ होती.

ती उघडी पाडली एका अर्जाने. मंडळीच्या नोंदवहीत सभासद म्हणून नाव घालण्याचा तो अर्ज होता आणि त्यात नाव, जन्मतारीख यांच्याखाली ‘बाप्तिस्म्याची तारीख’ असा रकाना होता. इतकी वर्षे नियमाने येणारी मी, माझा बाप्तिस्मा झालेला असणार हे सर्वांनी गृहीतच धरले होते. बाप्तिस्मा नसल्याने प्रभुभोजनाच्या भाकरीची थाळी मी काही न घेता शांतपणे पुढे सरकवते हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. रकाना रिकामा ठेवून मी अर्ज परत केला. पाळकांनी तो पाहिला, काही बोलले नाहीत, आणि पुढच्या गुरुवारपासून सुरू होणाऱ्या बाप्तिस्मा-वर्गाची वेळ तेवढी सांगितली.

वर्ग दहा आठवड्यांचा होता आणि तो एक वयस्कर बाई घेत. पहिल्याच दिवशी मी माझा प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिले नाही. त्याऐवजी नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातली बाप्तिस्म्याची प्रत्येक घटना हाताने उतरवून काढायला सांगितली आणि चार रकाने आखून दिले: कोणी काय ऐकले, विश्वास केव्हा ठेवला, पवित्र आत्मा केव्हा मिळाला, पाणी केव्हा.

तो तक्ता करताना मला आधी आनंद झाला, कारण त्यात नियम सापडेना. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला येशूचा शिष्य पेत्र म्हणतो: पश्चात्ताप करा, पापांच्या क्षमेसाठी बाप्तिस्मा घ्या, म्हणजे पवित्र आत्म्याचे दान मिळेल, त्या दिवशी सुमारे ३,००० जण मिळाले. शोमरोनात मात्र बाप्तिस्मा आधी होतो आणि पेत्र व योहान येऊन हात ठेवीपर्यंत आत्मा उतरत नाही. रोमी शतपती कर्नेल्याच्या घरी उलटेच: पेत्राचे बोलणे संपायच्या आतच आत्मा उतरतो आणि पाणी मागाहून येते. शोमरोनातलाच जादूगार शिमोन बाप्तिस्मा घेतो, आणि थोड्याच वेळात पेत्र त्याला सुनावतो की तुझे अंतःकरण देवाच्या दृष्टीने सरळ नाही. म्हणजे पाणी लागले की काम झाले, असेही नाही. मी विजयी मुद्रेने वही पुढे केली: क्रमच ठरलेला नाही, तर अट कसली?

बाईंनी वही पाहिली आणि म्हणाल्या, “आता पाचवा रकाना आखा. विश्वास ठेवणे आणि पाणी यांच्यात किती दिवस गेले, ते लिहा.”

तो रकाना भरताना माझी मुद्रा उतरली. ३,००० लोक: त्याच दिवशी. इथिओपियाचा अधिकारी: वाटेत पाणी दिसताच रथ थांबवून. फिलिप्पैचा बंदिशाळेचा नायक: मध्यरात्रीनंतर, त्याच घटकेला, कैद्यांच्या जखमा धुऊन लगेच. शौल, म्हणजेच पुढे पौल म्हणून ओळखला गेलेला, तीन दिवस आंधळा आणि उपाशी बसून होता. पण देवाने पाठवलेला हनन्या येताच तो उठला, आणि अन्न घेण्याआधी त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याच पुस्तकाच्या २२व्या अध्यायात पौल स्वतः ती हकिगत सांगतो तेव्हा हनन्याच्या तोंडी प्रश्न येतो: आता उशीर का करतोस? माझ्या रकान्यात मी लिहिले: नऊ वर्षे. इथिओपियाच्या त्या अधिकाऱ्याने विचारले होते, मला बाप्तिस्मा घेण्यास कोणती अडचण आहे? मी आजवर विचारत आले होते की न घेण्यास काही अडचण आहे का.

माझा आवडता साक्षीदार अजून शिल्लक होता: येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेला चोर. त्याचा बाप्तिस्मा झाला नाही, तरी ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ असे वचन त्याला मिळाले. बाई म्हणाल्या, “त्याला खिळे ठोकलेले होते. तुम्हाला कोणी ठोकले आहेत?” वर्गात हशा पिकला. नंतर त्यांनी शांतपणे दाखवून दिले की त्या माणसाला जेवढे आज्ञापालन शक्य होते तेवढे त्याने केले: आपला अपराध कबूल केला, शिव्या देणाऱ्याला दटावले आणि येशूकडे मागणे मागितले. महायाजकांपासून शिपायांपर्यंत सारे येशूची थट्टा करीत असताना त्याने हे सर्वांदेखत केले, हा भाग मी सोयीस्करपणे विसरले होते.

पुढचे तीन आठवडे कृपा आणि आज्ञापालन यांत गेले, आणि माझे घोडे खरे पेंड खात होते ते इथेच. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो, तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे. तर याकोब म्हणतो की केवळ विश्वासाने नव्हे, क्रियांनी मनुष्य नीतिमान ठरतो. दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात, म्हणून मी उत्पत्तीचे पुस्तक उघडले. पौलाचा भर १५व्या अध्यायावर आहे, जिथे अब्राहाम आकाशातले तारे पाहतो आणि वचनावर विश्वास ठेवतो. सुंता येते १७व्या अध्यायात, म्हणजे नंतर; पौल तिला विश्वासाने आधीच मिळालेल्या नीतिमत्त्वाचा शिक्का म्हणतो. याकोबाचा भर आहे २२व्या अध्यायावर, जिथे तोच अब्राहाम इसहाकाला घेऊन डोंगर चढतो. मधे कित्येक वर्षे गेली आहेत, पण विश्वास तोच आहे. फक्त आता तो पायांपर्यंत उतरला आहे. रोमकरांस पत्राच्या आरंभी आणि शेवटी पौल ‘विश्वासाचे आज्ञापालन’ अशा अर्थाचे शब्द वापरतो, हे मला तेव्हा प्रथमच दिसले. कृपेचा एवढा मोठा कैवारी आपल्या पत्राच्या दोन्ही टोकांना आज्ञापालन बांधतो, याची दखल मी कधी घेतली नव्हती.

मला सर्वांत अधिक उपयोगी पडला तो मात्र जुन्या करारातला नामान, कुष्ठरोग झालेला अरामी सेनापती. बरे होण्यासाठी यार्देन नदीत सात वेळा बुडी मारण्याचा निरोप मिळाल्यावर तो संतापतो, कारण त्याच्या देशात याहून चांगल्या नद्या आहेत. पाण्याविषयी त्याचे म्हणणे खोटे नव्हते. यार्देनेत औषध नव्हते. तरी बरा झाला तो बुडी मारल्यावरच, आणि त्या बुडीचे मोल देऊन आपण आरोग्य विकत घेतले असे त्यालाही वाटले नसावे. जुन्या ग्रीक भाषांतरात त्या बुडीसाठी जे क्रियापद आले आहे, त्याच घराण्यातला आपला ‘बाप्तिस्मा’ हा शब्द आहे.

निरनिराळ्या मंडळ्यांची मते आम्ही एकाच गुरुवारी उरकली. त्यावर काथ्याकूट करायला आयुष्य पुरणार नाही. कॅथलिक मंडळी बाप्तिस्मा तारणास आवश्यक मानते, पण १५४७ साली ट्रेंट इथल्या त्यांच्या धर्मपरिषदेने पाण्याबरोबर ‘किंवा त्याची इच्छा’ असेही शब्द घातले, आणि १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथात म्हटले आहे की देवाने तारण या संस्काराशी बांधले असले तरी देव स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने १५२९च्या लघु प्रश्नोत्तरीत सांगितले की पापक्षमा, तारण हे सारे नुसते पाणी करीत नाही, पाण्याबरोबरचे देवाचे वचन आणि त्यावरचा विश्वास करतो. विश्वास ठेवणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा असे म्हणणाऱ्यांची सुरुवात १५२५ साली झुरिकमध्ये झाली, आणि दोनच वर्षांत त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला त्याच शहरातल्या नदीत बुडवून मारण्यात आले. साल्व्हेशन आर्मी ही ख्रिस्ती मंडळी पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाही. ऐकताना मला एवढे जाणवले की ज्यांनी गाठ घट्ट मारली त्यांनीही देवाच्या दयेला वाट ठेवली आहे. ती वाट देवाची होती. मी ती माझी पळवाट केली होती.

शेवटी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपुढे मुलाखत झाली. आमच्या मंडळीत असे शिकवीत की पेत्राच्या त्या वाक्यातला ‘पापांच्या क्षमेसाठी’ म्हणजे ‘क्षमा झालेली आहे म्हणून’. मी भीतभीत सांगितले की हा अर्थ मला ओढूनताणून काढलेला वाटतो. साध्या वाचनात पेत्र पश्चात्ताप, पाणी आणि क्षमा एकाच श्वासात बोलतो. एका वडीलजनांनी विचारले, “मग तुमचा भरवसा पाण्यावर आहे का?” मी म्हटले, “नाही, ख्रिस्तावर आहे. पण त्याने जिथे बोलावले तिथे न जाता त्याच्यावर भरवसा आहे असे मी किती दिवस म्हणू?” ते हसले आणि पुढे वळले.

पेत्राच्या पहिल्या पत्रात बाप्तिस्म्याविषयी म्हटले आहे की तो शरीराचा मळ धुणे नव्हे, शुद्ध विवेकाने देवाजवळ केलेले काहीतरी आहे; तिथल्या ग्रीक शब्दाचा अर्थ कोणी ‘मागणे’ करतात, कोणी ‘वचन’. आपल्या भाषेत कर्जासाठी गहाण ठेवतात त्यालाही ‘तारण’ म्हणतात, आणि मी नऊ वर्षे बाप्तिस्म्याकडे त्याच नजरेने पाहत होते: आधी चांगुलपणा तारण ठेवायचा आणि मग कृपा उचलायची. मागणे मागणाऱ्याजवळ गहाण ठेवायला काही नसते.

दुसरे वडीलजन म्हणाले, “कोणाशी अबोला आहे का, ताई?” मी भावाविषयी सांगितले आणि आता बाप्तिस्मा पुढे ढकलणार असे धरून चालले. ते म्हणाले, “ती अट नाही. पण येशूने ‘बाप्तिस्मा द्या’ म्हटल्यावर पुढचेच शब्द ‘मी आज्ञापिले ते सर्व पाळावयास शिकवा’ असे आहेत. तेव्हा हा विषय मागे नाही, पुढे उभा आहे.”

साक्ष मी अकरा पानांची लिहिली होती. बाईंनी ती वाचून एवढेच म्हटले की प्रभूचे नाव यात तिसऱ्या पानावर येते. प्रत्यक्षात मी दीड पान वाचले आणि आवाज कापला, पण तो कोणाचाही कापतो.

पाणी कमरेपर्यंत होते. माझा विश्वास आणि त्याच्या मागे चालण्याचा निश्चय विचारून झाल्यावर पाळकांनी माझे हात छातीवर धरले, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने असे म्हणून मला मागे झुकवले, आणि नेमका त्याच वेळी पाय घसरला. एक क्षण माझे सगळे वजन दुसऱ्याच्या हातांवर होते. पेत्राच्या त्या आज्ञेत ग्रीक क्रियापद कर्मणी आहे, म्हणजे बाप्तिस्मा स्वतःचा स्वतः करायचा नसून करू द्यायचा आहे, हे वर्गात शिकले होते, कळले पाण्याखाली. ज्याला मी इतकी वर्षे ‘कर्म’ म्हणून नाकारीत होते, त्यात मी केले काय, तर न धडपडता पडू दिले. पौलाने रोमकरांना लिहिले आहे की बाप्तिस्म्याने आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो, आणि पुरल्या जाणाऱ्या माणसाच्या हातून तरी काय व्हायचे असते?

स्वर्ग वगैरे उघडलेला दिसला नाही. कानात पाणी गेले ते दोन दिवस निघाले नाही.

तिसऱ्या दिवशी भावाला फोन केला. चार मिनिटे बोललो. त्यातली तीन आईच्या औषधांवर गेली आणि उरलेल्या एका मिनिटात मी क्षमा मागितली. तो “बरं” म्हणाला आणि रविवारी पुन्हा फोन कर असे सांगून त्याने ठेवला. त्या रविवारी उपासनेत थाळी माझ्यापर्यंत आली तेव्हा सवयीने हात ती पुढे सरकवू लागला होता, तो मी थांबवला आणि भाकरीचा तुकडा घेतला.