सहाशे ग्रॅम जास्तीचा गॅस

भरलेला बाटला बोटीवर आला की आधी काट्याला लावायचा, मगच कप्प्यात ठेवायचा. या नियमाला मी कधीही फाटा देत नाही. मी शिडाच्या बोटीवर इंजिनियर आहे. इंजिन, बॅटऱ्या आणि पंपांबरोबर गॅसचं खातंही माझ्याकडेच असतं. किती शिल्लक आहे, किती दिवस पुरेल, पुढच्या बंदरात भरून मिळेल का, तिथली नळी आपल्या बाटल्याला बसेल का, हा सगळा हिशेब नांगर उचलण्याआधी मांडावा लागतो. बाटल्यांच्या बाबतीत जगात कुठे एकमत नाही. युरोपात मिळणारा कॅम्पिंगगॅझचा निळा ९०७ बाटला २.७५ किलो ब्युटेनचा. रिकामा द्यायचा आणि भरलेला घ्यायचा. अमेरिकेतल्या प्रोपेनच्या बाटल्यात एक तरंगता गोळा असतो, गॅस ठरलेल्या पातळीला आला की तो भरणं आपोआप थांबवतो. आमच्या पाच किलोच्या बाटल्यांत तसा गोळा नाही. ते वजनावरच भरून घ्यावे लागतात, आणि म्हणून भरणाऱ्याच्या काट्यावर आमचा जीव अवलंबून असतो.

त्या दिवशी आम्ही नांगरावर होतो. पुढचा टप्पा लांबचा होता, वाटेत जमीन नव्हती. दोन्ही रिकामे बाटले सकाळी धक्क्यावर भरायला दिले होते आणि दुपारच्या ओहोटीबरोबर निघायचं असं कॅप्टननी ठरवलं होतं. बाटले आले, मी पहिला हुकाच्या काट्याला अडकवला. बाटल्याच्या गळ्यावर त्याचं रिकामं वजन कोरलेलं असतं, आमच्यावर ६.४ किलो आहे. त्यात पाच किलो गॅस म्हणजे ११.४ भरायला हवं होतं. काट्याने १२ दाखवलं. दुसरा लावला, तोही १२.

दोन्हींत सारखीच वाढ, म्हणून मी पहिला संशय माझ्याच काट्यावर घेतला. पाण्याचा रिकामा कॅन तोलला, त्यात मापाने दहा लिटर गोडं पाणी भरलं आणि पुन्हा तोलला. फरक बरोबर दहा किलोचा आला. काटा खरं बोलत होता.

सहाशे ग्रॅमनी काय होतं, असं कुणालाही वाटेल. बाटल्यात गॅस द्रवरूपात असतो आणि तापला की हा द्रव पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो. म्हणून बाटला साधारण ८० टक्केच भरतात, वरची जागा वाफेसाठी मोकळी ठेवतात. आमच्या बाटल्याची धारणक्षमता १२ लिटर. त्या वेळी सावलीत तापमान २७ अंश होतं. आत ५.६ किलो प्रोपेन असेल तर बाटला तेव्हाच ९५ टक्के द्रवाने भरलेला होता आणि ४० अंशांच्या आसपास ती उरलेली जागाही संपणार होती. जागा संपली की द्रवाला फुगायला वाव नाही, दाब एकेका अंशागणिक झपाट्याने चढतो आणि सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो. उन्हात तापलेल्या डेकखालच्या बंद कप्प्यात ४० अंश व्हायला दुपारही लागत नाही.

पण आत ब्युटेन असेल तर? ब्युटेन जड. तेवढ्याच जागेत ते जास्त किलो मावतं, आणि ५.६ किलो हे त्याच्या मर्यादेत बसलं असतं. पावतीवर नुसतं 'एलपीजी' लिहिलेलं. वजनाने हे कोडं सुटणार नव्हतं, दाबाने सुटणार होतं. आमच्या रेग्युलेटरच्या अलीकडे, बाटल्याच्या बाजूला, एक गेज बसवलेलं आहे. एरवी ते गळती तपासायला वापरतो: शेगडीचे कॉक बंद करायचे, बाटला उघडून गेजची सुई बघायची, बाटला बंद करायचा आणि निदान तीन मिनिटं सुई हलते का ते पाहायचं. २७ अंशांना ब्युटेनचा दाब दीड-पावणेदोन बारच्या घरात असतो, प्रोपेनचा नऊच्या. मी बाटला मागच्या डेकवर सावलीत उभा केला, गेज जोडलं आणि व्हॉल्व्ह अगदी किंचित सोडला. सुई सरसर चढली आणि नवाच्या किंचित खाली थांबली. प्रोपेनच होतं.

कॅप्टनना सांगितलं. ते म्हणाले, "जास्तीचा वाटेत जाळून टाकू. दोन्ही बर्नर लावून ठेव."

मी म्हटलं, "कॅप्टन, दीड किलोवॅटचा एक बर्नर तासाला शंभर-एकशे दहा ग्रॅम गॅस खातो. एका बाटल्यातला सहाशे ग्रॅम उतरायला दोन्ही बर्नर पावणेतीन तास पेटते ठेवावे लागतील, तोवर दुसरा बाटला तापत राहील. शिवाय शिडं चढवल्यावर बोट कलली तर इतक्या भरलेल्या बाटल्यातून वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये जाईल."

रेग्युलेटर वाफेसाठी बनवलेला असतो. त्याच्या पुढे ३० मिलिबार दाब अपेक्षित असतो. तिथे द्रव गेला तर शेगडीवर हातभर उंच ज्वाळा उठते. कॅप्टननी घड्याळाकडे पाहिलं, ओहोटीचा विचार केला असावा, आणि म्हणाले, "डिंगी सोड. मीही येतो."

ओले टॉवेल गुंडाळलेले बाटले डिंगीत, म्हणजे बोटीबरोबरच्या छोट्या होडीत, उभे बांधले. मोटर न लावता वल्ही मारत गेलो. पेट्रोलच्या इंजिनाशेजारी जास्त भरलेला बाटला मला नको होता.

भरणारे गृहस्थ वयाने मोठे होते आणि कामाने चोख. मी वजन सांगितल्यावर ते रागावले नाहीत, पण त्यांना पटेना. "मी प्रत्येक बाटला काट्यावर ठेवूनच भरतो," असं म्हणत त्यांनी आमचा बाटला आपल्या काट्यावर चढवला. ११.४. काट्यावर काही नसताना सुई अगदी शून्यावर येत होती, त्यामुळे त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. मी दहा लिटर पाण्याचा कॅन सोबत आणला होता. त्यांनी स्वतः मापाने पाणी ओतलं, कॅनचं वजन वजा केलं, आणि सुई साडेनऊवर थांबली. पुन्हा ओतलं, पुन्हा साडेनऊ. त्यांनी खाली वाकून काट्याची तळपट्टी उघडली. खाऱ्या हवेने तरफेच्या टेकूवर गंजाची जाड खपली धरली होती. रिकामा असताना काटा ठीक, भार पडला की शंभरामागे पाच कमी दाखवत होता.

मी विचारलं, "काका, सकाळपासून आणखी कुणाकुणाचे भरलेत?"

त्यांचा चेहरा उतरला. वही काढली. आमच्याखेरीज चार बोटींचे बाटले गेले होते, आणि त्यात एक अकरा किलोचा होता. त्याचं हिशेबाने होणारं वजन २२.८, म्हणजे प्रत्यक्षात तो २४ किलोचा असणार, सव्वा किलोच्या आसपास जास्त. ऊन चढत होतं. त्यांनी दुकान बंद केलं, ओली पोती घेतली आणि आमच्याबरोबर डिंगीत बसले. त्यांच्या जागी दुसरा कुणी काट्याला दोष देत बसला असता. ते वाटेत एकच प्रश्न विचारत राहिले: कुठली बोट कुठे नांगरली आहे.

पहिल्या बोटीचा बाटला कप्प्यात होता आणि कप्पाही नीट बांधलेला: केबिनपासून पूर्ण बंद, तळाला बोटीबाहेर उघडणारी नळी. छोट्या बोटींच्या गॅसव्यवस्थेसाठीच्या आयएसओ १०२३९ या मानकात ही नळी आतून निदान १९ मिलिमीटरची असावी असं म्हटलं आहे. तो बाटला लगेच डिंगीत आला.

दुसऱ्या बोटीवर मात्र मी हादरले. कप्प्यात वापरातला बाटला होता म्हणून नुकताच भरून आणलेला त्यांनी तात्पुरता केबिनमध्ये, टेबलाखाली ठेवला होता. प्रोपेन हवेच्या दीडपट जड. एक लिटर द्रव निसटला तर त्याची सुमारे २७० लिटर वाफ होते, आणि हवेत दोन टक्क्यांच्या किंचित वर मिसळली तरी ती पेट घेऊ शकते. ही वाफ वर जात नाही, फळ्यांखाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साठते. तिथे बिल्ज पंपाचा फ्लोट स्विच असतो. पाणी जरा वाढलं, स्विच चालू झाला, ठिणगी पडली की संपलं. माणसं वर कॉकपिटमध्ये असतील तर गॅसला मुद्दाम दिलेला खुणेचा वासही त्यांच्यापर्यंत पोचेलच असं नाही. बोट चालवणाऱ्या बाई माझं बोलणं पुरं व्हायच्या आत खाली उतरल्या आणि बाटला स्वतः उचलून वर घेऊन आल्या.

अकरा किलोचा बाटला तिसऱ्या बोटीवर होता. डेकवर, उन्हात, कठड्याला आडवा बांधलेला. हात लावला तर चटका बसला. आडव्या बाटल्यात सुरक्षा व्हॉल्व्हपाशी वाफ नसते, द्रव असतो. तो उघडला असता तर द्रवाचाच फवारा आला असता. दोऱ्या सोडायच्या आधी त्यावर समुद्राचं पाणी बादल्यांनी ओतलं, ओली पोती घातली, पोती सुकू दिली नाहीत, आणि हाताला गार लागल्यावरच उभा केला. समुद्राचं पाणी जवळजवळ हवेइतकंच, २७ अंशांचं होतं. तेवढं पुरे होतं, कारण त्याला बर्फ नको होता, फक्त ऊन नको होतं.

चौथी बोट जागेवर नव्हती. सकाळीच गेली होती.

आम्ही तातडीने आमच्या बोटीवर गेलो आणि कॅप्टन व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६ वरून, म्हणजे हाक देण्याच्या चॅनलवरून, हाक देऊ लागले. व्हीएचएफ नजरेच्या टप्प्यातच चालतो, शिडाच्या दोन बोटींमध्ये डोलकाठीवरच्या अँटेना धरून वीसएक सागरी मैल. बऱ्याच हाकांनंतर खरखरीत उत्तर आलं. दुसऱ्या चॅनलवर गेल्यावर मी सांगितलं: बाटला कप्प्यातून काढा, केबिनमध्ये नेऊ नका, उभाच ठेवा, सावलीत ओल्या कापडाखाली ठेवा, कापड सुकू देऊ नका. त्यांच्याकडे मासे तोलायचा काटा होता. त्यांना आधी पाण्याने तो तपासायला लावला. मग इंजिन आणि शेगडी बंद, सगळ्या खिडक्या-झडपा बंद, आणि बाटला वाऱ्याच्या खालच्या बाजूला कठड्यापाशी उभा करून व्हॉल्व्ह केसभर उघडायचा. वाफ जड असल्याने ती पाण्याकडे उतरते आणि वारा तिला बोटीपासून दूर नेतो. नांगरवाड्यात, शेजारी बोटी असताना, मी हे कुणालाही करू दिलं नसतं. उघड्या समुद्रात त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. "बाटल्याच्या अंगावर दव धरलं तर घाबरू नका, गॅस निघताना बाटला गारच पडतो," हेही सांगितलं.

धक्क्यावर काकांनी गोळा केलेले बाटले एकेक करून उंच कप्पीला उलटे टांगले, खाली मोठा रिकामा बाटला जोडला आणि जास्तीचा द्रव त्यात उतरवला. वजन माझ्या काट्यावर. माझ्या हातात साबणाच्या पाण्याचा ब्रश होता. प्रत्येक जोडावर फिरवायचा आणि बुडबुडा येतो का बघायचा. आमचा पहिला बाटला ११.४ वर आला तेव्हा ओहोटी केव्हाच संपली होती. कॅप्टन त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, ते अकरा किलोचा बाटला कप्पीला चढवत होते.

माझा जादाचा काटा मी काकांकडे ठेवला. दहा लिटरचा कॅन त्यांनी भरूनच ठेवला होता, झाकणावर रंगाने त्याचं एकूण वजन लिहून. रोज पहिला बाटला भरायच्या आधी तो काट्यावर चढवणार होते.

संध्याकाळी रेडिओ पुन्हा खरखरला. चौथ्या बोटीने आकडा कळवला: ११.५. मी म्हटलं, "अजून शंभर ग्रॅम सोडा."