टेक्सासचं होमस्कूल, वसईची वाडी

दहावीच्या वयाची पोरं शाळेत जात नाहीत म्हटलं की आपल्याकडे दोनच शंका येतात, एकतर नापास झाली असतील नाहीतर काहीतरी आजारपण असेल. आम्ही पावसाळ्यात टेक्सासहून वसईला माहेरी येतो आणि ह्या वेळी मुक्काम जरा लांबलाय, त्यामुळे मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर, भाजीवालीकडे, रिक्षात, सगळीकडे तेच, काय गं शाळा नाय का पोरांना? शाळा आहे, घरीच आहे. मुलगी सोळाची, मुलगा चौदाचा, दोघांनाही आम्ही पहिल्यापासून घरीच शिकवतो आणि त्यामागे आमची श्रद्धा हे मोठं कारण आहे. तिकडे ह्याला होमस्कूलिंग म्हणतात आणि ख्रिस्ती घरांमध्ये ते बरंच चालतं. आमच्या भागात बहुतेक प्रोटेस्टंट आहेत, आम्हा कॅथलिकांचा ग्रुप लहान.

लहान पोरांना घरी शिकवणं लोकांना पटतं. बाराखडी, पाढे, प्रार्थना, आई शिकवू शकते. पण आठवी झाली की तिकडचेही कितीतरी आईबाप पोरांना हायस्कुलात घालतात, केमिस्ट्री कोण शिकवणार, कॉलेजचं कसं होणार, ह्या भीतीने. माझं मत बरोबर उलटं आहे. पहिली-दुसरीतलं पोर कुठेही शिकेल, तेरा ते अठरा हीच वर्षं घरात हवीत. देव आहे कशावरून, चर्च असं का म्हणतं, माझ्या मैत्रिणीचे आईवडील देव मानत नाहीत तरी ते आपल्याहून चांगले वागतात मग कसं, हे प्रश्न ह्याच वयात येतात आणि ते रात्री साडेदहाला भांडी विसळताना येतात, आणि तेव्हा पोराला घाई नसावी, दुसऱ्या दिवशी सहाची बस पकडायची नसावी, आईबापालाही घाई नसावी, तरच ते बोलणं पुढे जातं. मला त्या वेळी तिथे असायचंय, बाकी विषय नंतर.

कायद्याने चालतं का हे हमखास विचारतात म्हणून सांगते. अमेरिकेत १९९३ पर्यंत सगळ्या ५० राज्यांत हे कायदेशीर झालं होतं, पण नियम राज्यागणिक वेगळे. टेक्सासमध्ये घरच्या शाळेला खाजगी शाळाच धरतात, लीपर आणि इतर पालकांची केस होती त्यात १९९४ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने हे पक्कं केलं. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व एवढे विषय शिकवायलाच हवेत, नोंदणी नाही, सरकारी परीक्षा नाही. माझी एक मैत्रीण पेनसिल्व्हेनियात आहे, तिला मात्र दरवर्षी प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि वर्षभराच्या कामाची फाईल परीक्षकाला दाखवावी लागते. न्यूयॉर्कला तिमाही रिपोर्ट. जर्मनीत तर बंदीच आहे.

ह्याच्या मुळाशी जी केस आहे ती सिस्टरांनी लढवलेली आहे हे मला फार आवडतं. ऑरेगॉन राज्याने १९२२ ला कायदा केला की सगळ्या मुलांनी सरकारी शाळेतच जायचं, तेव्हा कॅथलिक शाळा चालवणाऱ्या सिस्टरांची संस्था कोर्टात गेली आणि १९२५ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्द केला, मूल कसं शिकवायचं हे ठरवण्यात आईबापाचा हक्क मानला. मग १९७२ ला विस्कॉन्सिनच्या आमिश लोकांची केस, हा आधुनिक जगापासून लांब राहणारा ख्रिस्ती पंथ, त्यांना आठवीनंतर पोरं शाळेत पाठवायची नव्हती, धर्मासाठी, आणि तीही ते जिंकले. म्हणजे ही दुसरी केस तर मोठ्या पोरांवरूनच झालीय बघा. आणि चर्चच्या मनाविरुद्ध आम्ही काही करतोय असंही नाही, आईवडील हेच मुलांचे पहिले शिक्षक हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच स्पष्ट लिहून ठेवलंय. वसईत आम्ही सगळ्या सिस्टरांच्याच हाताखाली शिकलो, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, आमच्या घरातली शाळा त्यांच्या शिस्तीवरच चालते.

इथे वाडीत आल्यावर वेळापत्रक उलटंपालटं होतं. पहाटे पाऊस नसला की चर्चला, आल्यावर गणित, कारण डोकं ताजं असतं आणि लाईट गेली तरी गणित वहीवर होतं. मग मुलीची केमिस्ट्री माझ्याकडे (लग्नाआधी बोईसरच्या एका कंपनीत मी लॅबमध्ये होते, ते आता उपयोगी पडतंय). बाराला चर्चची घंटा झाली की आई हातातलं काम टाकून उभी राहते, देवदूताची प्रार्थना म्हणते, तेव्हा पोरंही उठतात. ऑगस्टपासून तिकडच्या ग्रुपचे ऑनलाईन क्लास सुरू होतात, तिथले सकाळचे आठ म्हणजे इथले संध्याकाळचे साडेसहा, तेव्हा ओट्यावर डास, पाऊस पत्र्यावर, आणि लॅपटॉपवर एक ताई निबंध कसा बांधायचा ते शिकवतेय असं चालू असतं. रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, त्यानंतर आठला. माझ्या लहानपणी ती सातलाच व्हायची पण पप्पांनी नातवंडांसाठी वेळ बदललीय, आणि पप्पांनी कशाची वेळ बदलणं ही आमच्या घरात मोठी गोष्ट आहे.

मुलाचा पर्यावरणाचा विषय बावखलावर चालू आहे. वसईबाहेरच्यांसाठी सांगते, बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधली जुन्या लोकांनी खोदलेली गोड्या पाण्याची तळी, पावसाचं पाणी ह्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि विहिरींना टिकवतं. समुद्र इतका जवळ की उन्हाळ्यात काही विहिरी खारट होतात. कितीतरी बावखलं बुजवली गेली, त्यावर घरं उभी राहिली. तर ह्याने काथ्याच्या दोरीला दगड बांधला, प्रत्येक फुटावर गाठ, आणि दर रविवारी मिस्सानंतर काठावरच्या एकाच दगडावर उभं राहून दोरी सोडायची, ओली झालेली शेवटची गाठ मोजायची आणि वहीत लिहायची. शेजारच्या विहिरीतही तसंच. पप्पा छत्री धरून उभे.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती सांगते. आम्ही वसईच्या किल्ल्यात गेलो होतो, इतिहासाचा धडा म्हणूनच. फ्रान्सिस्कनांच्या (संत फ्रान्सिसच्या संघातल्या धर्मगुरूंच्या) पडक्या चर्चमध्ये जमिनीवर थडग्यांचे दगड आहेत, पोर्तुगीज अक्षरं कोरलेली, शेवाळ साचलेलं, मुलगा चपलेने शेवाळ बाजूला करून वाचायला बघत होता आणि एकदम त्याने पप्पांना विचारलं, आजोबा, आपल्याला फोर्सने ख्रिश्चन केलं का? माझ्या पोटात गोळा आला. लहान असता तर नंतर सांगते म्हणून वेळ मारून नेता आली असती, चौदा वर्षांच्या पोराला ते चालत नाही.

पप्पा लगेच काही बोलले नाहीत. घरी येऊन जेवणं झाल्यावर त्यांनी स्वतःहून विषय काढला. त्यांनी जे माहीत आहे ते सरळ मांडलं, वसई पोर्तुगीजांकडे १५३४ ला गेली, त्यांच्या मुलखात देवळं पाडली गेली, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा देणारं चर्चचं कोर्ट, होतं, हे सगळं खरं आहे आणि ते लपवायचं नाही. काही लोक दबावाने आले असतील, काही जमिनीसाठी नोकरीसाठी, काही मनापासून, आपल्या घराण्याचं काय झालं ते कुठे लिहिलेलं नाही. पण १७३९ ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, त्यानंतर जबरदस्ती करणारं कोणी उरलं नव्हतं, तरी आपली माणसं ह्याच श्रद्धेत राहिली. ते राहणं आपलं स्वतःचं, असं पप्पांचं म्हणणं.

मुलगी तिथेच बसली होती, ती म्हणाली, पण आजोबा, तेव्हा त्यांना परत जातीत कोणी घेतलं असतं का, मग राहिले म्हणजे मनापासून राहिले असं कसं म्हणायचं? पप्पा म्हणाले, असेल तसंही. पण गं, नुसतं नाइलाजाने असतं तर माझ्या आजीने मरतानासुद्धा माळ हातातून सोडली नाही ती का? मुलगी म्हणाली, ते तुमच्या आजीचं झालं, पहिल्यांदा जे आले त्यांचं काय. मग असं बराच वेळ चाललं, आणि त्या रात्रीच नव्हे, पुढे कितीतरी दिवस, जेवताना, केळीची पानं कापताना, रोझरी संपल्यावर. मुलीने त्यावर निबंध लिहिलाय, दोन्ही बाजू मांडल्यात आणि शेवट तिने माझ्या मनासारखा केलेला नाही. तिचं म्हणणं, पूर्वजांचं कसंही झालं असो, मला माझं स्वतः ठरवावं लागेल. मी तो निबंध तसाच तिच्या इतिहासाच्या फाईलला लावला. आई म्हणून मला धाकधूक आहेच, पण हा प्रश्न तिने आजोबांसमोर विचारला, आजोबा चिडले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी दोघं सोबत मिस्साला गेली, ह्याहून मोठं धर्मशिक्षण मला ठाऊक नाही.

रोझरीचंही तसंच. नववीत असताना ती एकदा म्हणाली की मी बसेन पण म्हणणार नाही. आम्ही दोघं बोललो आणि ठरवलं की बसणं सगळ्यांना, म्हणणं तिच्यावर. अजूनही काही रात्री ती नुसतीच बसते. बसते हे महत्त्वाचं.

मुलाने संत गोन्सालो गार्सिया अभ्यासाला घेतलेत, वसईत जन्मलेले, पोरवयातच जपानला गेले, १५९७ ला नागासाकीला क्रुसावर मारले गेले, १८६२ ला संत झाले. टेक्सासमध्ये हे कोणाला माहीत नसतं, त्याला तिकडच्या ग्रुपमध्ये ते सांगायचंय म्हणून जोरात तयारी चाललीय.

चार पोरांत मिसळत नाहीत, ही दुसरी तक्रार. तर ऐका, पोरांच्या मामाचा, म्हणजे माझ्या भावाचा, सोनचाफा आहे. त्याच्याबरोबर मुलगा पहाटे बॅटरी लावून चाफा तोडायला जातो, शेकड्याने मोजून पानात बांधायचं, मग विरार लोकलच्या गर्दीत टोपली सांभाळत दादरच्या फूलबाजारात. गणपतीच्या आधी जास्वंदीच्या कळ्यांना भाव येतो तेव्हा मामाने त्यालाच सौदा करायला पुढे केलं. व्यापारी म्हणाला कळ्या बारीक आहेत, ह्याने त्याच्यासमोर दहा कळ्या मोजून दाखवल्या त्यात दोनच बारीक निघाल्या, आणि मामाचा भाव मिळाला. ख्रिस्ती वाडीतली फुलं गणपतीला जातात हे त्याला नवीन होतं, मामाला त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही, पिढ्यान्‌पिढ्या जातायत. मुलगी माझ्या मावशीबरोबर गल्लीतल्या एका अंथरुणाला खिळलेल्या आजीकडे जाते, तिला मराठी बायबल वाचून दाखवते, आणि आजी झोपल्या झोपल्या तिचा एकेक उच्चार सुधारून घेते, वाक्य नीट आलं नाही की परत पहिल्यापासून. वयाने एकसारखी चाळीस पोरं एका वर्गात, एवढंच म्हणजे मिसळणं असेल तर आमची कमी मिसळतात, मान्य.

कॉलेजचं विचाराल तर चार वर्षांचं ट्रान्सक्रिप्ट आईनेच बनवायचं असतं, कुठला विषय, किती क्रेडिट, काय ग्रेड, पुस्तकं कुठली. त्याला जोड म्हणून सॅट ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा, जवळच्या हायस्कुलात बाहेरून बसून एपीच्या (कॉलेजच्या पातळीच्या) परीक्षा, कम्युनिटी कॉलेजचे एक-दोन कोर्स. टेक्सासमध्ये सरकारी कॉलेजांनी होमस्कूलच्या मुलांना वेगळा निकष लावायचा नाही असा कायदाच आहे. गाडी शिकवायची परवानगीसुद्धा आईबापाला मिळते तिथे, ते काम आमच्या ह्यांच्याकडे आहे.

आपल्याकडे कोणाच्या मनात असेल तर १७ नंबरचा फॉर्म सगळ्यांना माहीत आहे, शिवाय एनआयओएस हे सरकारी मुक्त शाळेचं बोर्ड आहे, तिथे दहावीला वय १४ पूर्ण लागतं. पण मी स्पष्ट सांगते, घरात एक माणूस दिवसभर मोकळा हवा, आम्ही एका पगारावर राहतो आणि त्यासाठी बऱ्याच गोष्टींना नाही म्हणतो, आणि नवराबायकोचं एकमत हवं, ते नसेल तर पोरांचे हाल होतात. दोघांनाही नोकरी करावीच लागते अशा घरातली आई रात्री पोरांजवळ तासभर बसून बोलत असेल तर तीही हेच करतेय, तिने स्वतःला कमी समजू नये.

मुलीची पीएसॅट (सॅटच्या आधीची सराव परीक्षा) ऑक्टोबरमध्ये असल्यामुळे सप्टेंबरअखेरची तिकिटं काढलीत, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारचा आगेरा, आमचा सुगीचा सण, ह्याही वर्षी हुकणार, नव्या भाताची कणसं घेऊन पोरांना चर्चला न्यायचं राहूनच जातंय. मुलाने मामाला दोरी कशी सोडायची, कुठल्या दगडावर उभं राहायचं ते दाखवून ठेवलंय, रविवारी आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. मे महिन्यात बावखल किती आटतं आणि शेजारची विहीर कधी खारट लागायला लागते ते त्याला बघायचंय, रिपोर्ट त्यानंतरच लिहायचा असं आमचं ठरलंय.