खऱ्या फायली आत, लिंक बाहेर : क्लाउड सिंक आणि बॅकअपचा माझा अनुभव

कामाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर, प्रोग्रामांच्या सेटिंग्ज होम फोल्डरमध्ये आणि क्लाउडवर जाणारा फोल्डर एकच. फायली जागच्या जागी ठेवून सगळं क्लाउडवर जावं म्हणून मी आधी तेच केलं जे कुणालाही प्रथम सुचतं. सिंक फोल्डरच्या आत सिम्बॉलिक लिंक केल्या आणि त्यांचं तोंड बाहेरच्या फोल्डरांकडे वळवलं. त्या संगणकावर लिंक उघडली की फायली दिसत होत्या. दुसऱ्या संगणकावर त्या जागी काहीच पोहोचलं नव्हतं.

सिम्बॉलिक लिंक, थोडक्यात सिमलिंक, म्हणजे पत्ता लिहिलेली चिठ्ठी, बाकी काही नाही. लिनक्सवर फायलींची नावं दाखवणाऱ्या ‘एलएस’ या आज्ञेला ‘एल’ हा पर्याय देऊन यादी काढली तर लिंकची ओळ ‘एल’ अक्षराने सुरू होते आणि आकार दिसतो तो पत्त्यातल्या बाइटांइतका. मागच्या फोल्डरात ४० जीबी असोत, लिंक २५-३० बाइटांचीच. चिठ्ठी वाचून त्या पत्त्यावर जायचं, चिठ्ठीच उचलायची की तिच्याकडे दुर्लक्ष करायचं, हे प्रत्येक प्रोग्राम स्वतः ठरवतो. ड्रॉपबॉक्स पूर्वी बाहेर जाणाऱ्या लिंकच्या मागे जाऊन आतला मजकूर चढवायचा. २०१९ पासून तो फक्त लिंक सिंक करतो. त्याआधीचे सल्ले आजही वाचायला मिळतात, म्हणून हे वर्ष लक्षात ठेवलेलं बरं. संगणकांमध्ये थेट सिंक करणारा सिंकथिंग हा प्रोग्राम लिनक्स आणि मॅकवर लिंक ही लिंक म्हणूनच पाठवतो, विंडोजवर ती सोडून देतो. क्लाउडवर फायली पाठवणारा आरक्लोन काही सांगितलं नाही तर लिंक वगळतो. मोठा ‘एल’ पर्याय दिला तर तिच्या मागे जातो.

एखादा क्लायंट, म्हणजे संगणकावर सिंक करणारा प्रोग्राम, लिंकच्या मागे जात असला तरी मी त्यावर विसंबत नाही. लिनक्सवर फोल्डरमधले बदल कळवणारी आयनोटिफाय ही यंत्रणा सांगितलेल्या फोल्डरवरच नजर ठेवते, आतल्या फोल्डरांत किंवा लिंकपलीकडे आपोआप जात नाही. त्यामुळे पलीकडे फाइल बदलली तरी क्लायंटला ते पुढच्या पूर्ण तपासणीपर्यंत कळेलच असं नाही. याहून मोठा धोका बाहेरच्या ड्राइव्हचा. ड्राइव्ह जोडलेला नसेल तर लिंकच्या पलीकडे रिकामा फोल्डर दिसू शकतो, क्लायंट समजतो की फायली पुसल्या, आणि ते पुसणं इमानदारीने क्लाउडवर व तिथून बाकीच्या सगळ्या संगणकांवर पोहोचवतो. सिंकथिंग यासाठीच प्रत्येक फोल्डरात एक छोटा खुणेचा फोल्डर ठेवतो; खूण दिसली नाही की तो सिंक थांबवून चूक दाखवतो.

म्हणून दिशा उलटी केली. खऱ्या फायली सिंक फोल्डरमध्ये आणल्या आणि प्रोग्रामाला त्या जिथे हव्या असतात तिथे, म्हणजे बाहेर, लिंक ठेवली. आता क्लायंटला लिंक दिसतच नाही. त्याच्या दृष्टीने तो साधा फोल्डर आहे.

हलवताना क्रम पाळावा लागतो. आधी तो प्रोग्राम पूर्ण बंद करायचा आणि सिंक थांबवायचं. मग नक्कल करणाऱ्या ‘आरसिंक’ या आज्ञेला छोटा ‘ए’ देऊन फोल्डरची नक्कल सिंक फोल्डरमध्ये करायची. ‘एमव्ही’ने थेट हलवणं मी टाळतो, कारण दोन वेगळ्या डिस्क असतील तर तेही आतून नक्कल करून मग पुसणंच असतं आणि मध्ये थांबलं तर काय कुठे राहिलं ते शोधत बसावं लागतं. दोन्हीकडच्या फायलींची संख्या जुळली की मूळ फोल्डरचं नाव बदलून मागे ‘जुने’ जोडायचं, मगच लिंक करायची. जुना फोल्डर आठवडाभर तसाच राहू देतो.

नाव बदलण्याची ही पायरी सुटली तर लिंक करणारी ‘एलएन -एस’ ही आज्ञा कुरकुरसुद्धा करत नाही. त्या नावाचा फोल्डर आधीच असेल तर लिंक त्याच्या जागी न होता त्याच्या पोटात होते. तीच आज्ञा दुसऱ्यांदा चालवली तर आणखी वाईट: पहिली लिंक फोल्डरकडे नेते, म्हणून दुसरी लिंक थेट खऱ्या फोल्डरात जाऊन बसते आणि स्वतःच्याच घराकडे बोट दाखवते. आता सिंक फोल्डरमध्ये एक चक्र तयार झालं. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, ४० लिंकनंतर हात टेकतो, पण तोवर एखादा प्रोग्राम त्याच फायली पुन्हा पुन्हा मोजत बसलेला असतो. ‘एस’सोबत मोठा ‘टी’ दिला तर जीएनयूचा, म्हणजे लिनक्सवर सहसा असतो तो, ‘एलएन’ फोल्डरच्या आत शिरत नाही, सरळ चूक दाखवतो.

लिंक शक्यतो फोल्डरची करावी, एकट्या फाइलची नको. बरेच एडिटर सेव्ह करताना तात्पुरती फाइल लिहून ती मूळ नावावर सरकवतात. त्यात लिंकच उडते आणि तिथे साधी फाइल उरते. दिसायला सगळं ठीक, पण सिंक फोल्डरमधली प्रत जुनीच. हार्ड लिंकचंही, म्हणजे एकाच फाइलला दिलेल्या दुसऱ्या नावाचंही, हेच होतं, फक्त उलट्या बाजूने: क्लायंट नवी आवृत्ती उतरवताना फाइल बदलून टाकतो, धागा तुटतो आणि दोन प्रती वेगवेगळ्या वाटांनी जातात.

विंडोजवर आज्ञेतला क्रम उलटा. ‘एलएन’मध्ये आधी खरा पत्ता, मग लिंकचं नाव, विंडोजच्या ‘एमकेलिंक’मध्ये आधी लिंकचं नाव. तिथे सिमलिंकला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार किंवा डेव्हलपर मोड लागतो, म्हणून फोल्डर स्थानिक डिस्कवर असेल तर मी ‘जे’ पर्याय देऊन जंक्शन, म्हणजे विंडोजची फक्त फोल्डरांसाठीची लिंक, करतो. त्याला तो अधिकार लागत नाही. लिंक काढताना ‘आरएमडीआयआर’ वापरायचं, ‘डेल’ कधीच नाही. फोल्डरच्या लिंकवर ‘डेल’ चालवलं तर विंडोज पलीकडच्या खऱ्या फायली पुसतो. मॅकच्या फाइंडरमधला एलियास म्हणजे सिमलिंक नव्हे. तो फाइंडर ओळखतो, टर्मिनलमधल्या बहुतेक आज्ञांना ती नुसती एक फाइल असते.

बॅकअपमध्ये प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. रेस्टिक, बोर्ग आणि मॅकचं टाइम मशीन हे बॅकअपचे प्रोग्राम लिंकच्या मागे जात नाहीत, ती लिंक म्हणूनच साठवतात. होम फोल्डरचा बॅकअप घेतला आणि सिंक फोल्डर वेगळ्या डिस्कवर असेल, तर बॅकअपमध्ये नुसत्या चिठ्ठ्या जमा होतात. बॅकअप नेहमीपेक्षा लवकर संपला तर आनंद मानण्याआधी आकार पाहावा. बॅकअपला नेहमी खऱ्या फोल्डरचा पत्ता द्यायचा, लिंकचा नाही. ‘आरसिंक’मध्ये तर एका तिरप्या रेघेने फरक पडतो: लिंकच्या नावाशेवटी रेघ नसेल तर लिंक जाते, असेल तर आतल्या फायली जातात. विंडोजची नक्कल करणारी आज्ञा रोबोकॉपी, तिची सवय उलटी, तो लिंकच्या मागे धावतो. प्रोग्रामांची माहिती जिथे राहते त्या ॲपडेटामधल्या लोकल फोल्डरात त्याच फोल्डरकडे परत नेणारं एक जुनं जंक्शन असतं, त्यामुळे ‘एक्सजे’ पर्याय न देता यूझर प्रोफाइल उचललं तर फोल्डरात फोल्डर अशी न संपणारी रांग तयार होते.

क्लाउडचा ‘फक्त ऑनलाइन’ पर्याय चालू असेल तर तो सिंक फोल्डरपुरता बंद करावा. अशी फाइल नावापुरती डिस्कवर असते; बॅकअपचा प्रोग्राम ती एकतर वगळतो किंवा वाचायला जाऊन सगळा साठा उतरवायला लावतो.

रिस्टोअरची चाचणी घेताना एक फसवणूक होते, आणि ती लवकर लक्षात येत नाही. बॅकअप त्याच संगणकावर दुसऱ्या फोल्डरात उतरवला तर त्यातल्या पूर्ण पत्त्याच्या लिंक मूळ, जिवंत फायलींकडेच नेतात. उघडून पाहिलं की सगळं आलेलं दिसतं, प्रत्यक्षात बॅकअपमध्ये तो मजकूर नसतोच. वर बदल केला तर तो मूळ फाइलमध्ये होतो. म्हणून उतरवलेल्या फोल्डरात फायली शोधणाऱ्या ‘फाइंड’ या आज्ञेला ‘टाइप एल’ देऊन आधी लिंकची यादी काढतो. मग मूळ फोल्डरचं नाव तात्पुरतं बदलून ‘एक्सटाइप एल’ने तुटलेल्या लिंक शोधतो. जी तुटली, तिच्या पलीकडचं बॅकअपमध्ये खरंच आहे का, हे एकेक करून पाहतो.

सगळ्या लिंक करणारी एक छोटी स्क्रिप्ट सिंक फोल्डरमध्येच ठेवली आहे, कारण संगणक बदलला की वापरकर्त्याचं नाव बदलतं आणि जुने पूर्ण पत्ते निरुपयोगी होतात. नव्या संगणकावर सिंक पूर्ण होईपर्यंत ते प्रोग्राम उघडायचे नाहीत. उघडले तर ते त्या जागी स्वतःचा कोरा फोल्डर तयार करतात. स्क्रिप्टला तिथे लिंकऐवजी खरा फोल्डर सापडला तर ती काहीही न करता त्याचं नाव दाखवून थांबते.