‘स्थलांतरित’ असा शेरा असलेली मुलगी

प्रभाग समितीच्या बैठकीसाठी आलेला प्रश्न दोन ओळींचा होता. ‘विभागातील तीव्र कुपोषित बालकांची संख्या किती व त्यांच्यावर कोणते उपचार केले, याचा प्रशासनाने नाव-पत्त्यांसह खुलासा करावा.’ २०१९ चा पावसाळा, पूर्व उपनगरातला एक वॉर्ड. या बैठकांत महापालिकेच्या आमच्या आरोग्य खात्याला सहसा धूरफवारणी आणि डेंग्यूबद्दलच विचारतात. लहान मुलांच्या उपचारांबद्दल विचारणाऱ्या नगरसेविका मी फार थोड्या पाहिल्या. त्यांनी विचारलं म्हणूनच पुढचं सगळं उघड झालं, हे आधीच नोंदवते.

मुंबईत अंगणवाडी महापालिकेची नसते, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. ती राज्याच्या महिला व बालविकास विभागाची. बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांमार्फत तिची उत्तरं बेलापूरच्या आयुक्तालयाकडे जातात. हेल्थ पोस्ट, म्हणजे वस्तीतलं छोटं आरोग्य केंद्र, पालिकेचं; त्याचे कागद वॉर्डातल्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यामार्फत परळला, आमच्या खात्याच्या कार्यालयात. टीबीचा कार्यक्रम आमच्याच खात्यात, पण त्याची साखळी निराळी. पालिकेची शाळा शिक्षण खात्याकडे. मूल संकटात सापडलं तर मानखुर्दला बसणारी बाल कल्याण समिती, आणि ती तर बाल न्याय कायद्याखाली आदेश देणारी. या सगळ्यांत नगरसेवक थेट जाब विचारू शकतो तो फक्त पालिकेच्या खात्यांना. मुलाचं वजन अंगणवाडीत होतं आणि प्रश्न हेल्थ पोस्टला येतो.

खात्यात तयार झालेला उत्तराचा मसुदा नेहमीसारखा होता: इतकी बालकं आढळली, सर्वांना संदर्भित केले. ‘संदर्भित’ म्हणजे चिठ्ठी दिली. मूल रुग्णालयात पोहोचलं की नाही, हे त्या शब्दात कुठेही नाही. लसीकरणाच्या टक्केवारीचंही असंच. उद्दिष्ट धरतात २०११ च्या जनगणनेवरून वाढवलेल्या लोकसंख्येवर. वस्ती उठली किंवा नवी बसली की टक्केवारी शंभराच्या वर जाते, आणि ती खुशाल छापलीही जाते. शंभराच्या वरचा आकडा दिसला की समितीत कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. मला या आकड्यांचा मनापासून राग आहे, कारण त्यांच्यामागे सुटलेली मुलं व्यवस्थित झाकली जातात.

म्हणून मसुदा वर पाठवण्याआधी याद्या समोरासमोर ठेवायचं ठरवलं. हे काम वाटतं त्याहून किचकट आहे. अंगणवाडीचं कार्यक्षेत्र चारशे ते आठशे वस्तीचं, हेल्थ पोस्टचं साधारण पन्नास हजारांचं, आणि दोघांच्या हद्दी गल्लीच्या मधूनच जातात. नावं तर जुळतच नाहीत. प्रसूतिगृहाच्या कागदावर मूल ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव, अंगणवाडीत घरातलं लाडाचं नाव, आधारवर तिसरंच. बाळंतपण गावी झालेलं असलं तर पहिल्या लसी तिथल्या कार्डावर, नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची इथल्या. भाड्याची खोली अकरा महिन्यांनी बदलते आणि मूल एका सीएचव्हीच्या (घरोघरी जाणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकेच्या) यादीतून निघून दुसरीच्या यादीत पोहोचतच नाही. नावावरून जुळवणी करू नये, हे आमच्या एएनएमने (हेल्थ पोस्टच्या परिचारिकेने) फार पूर्वी शोधून काढलंय. ती आधी आईचा मोबाइल नंबर लावते, मग जन्मतारीख, मग भावंडांची संख्या. तिन्ही जुळलं तरच एक मूल. मोबाइल बदललेला असेल तर बाळंतपणाची तारीख आणि रुग्णालय. तिच्या या पद्धतीवर कोणी परिपत्रक काढलेलं नाही, पण वॉर्डात याहून भरवशाची पद्धत दुसरी नाही.

मापंही तपासावी लागतात. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजायची असते. उभं करून मोजली तर सुमारे ०.७ सेंटिमीटर कमी भरते, आणि तेवढ्यावर मूल तीव्रमधून मध्यममध्ये जाऊ शकतं. दंडाचा घेर डाव्या हाताचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून. पट्टी आवळली तर चांगलं मूलही ११.५ सेंटिमीटरच्या, म्हणजे तीव्र कुपोषणाच्या रेषेच्या, खाली जातं, सैल धरली तर आजारी मूल सुटतं. पायांवर सूज आहे का, हे अंगठा दाबून बघायला बऱ्याच ठिकाणी विसरतात. सूज असेल तर वजन चांगलं दिसतं, आणि तेच सर्वांत धोक्याचं.

या जुळवणीत चौदा महिन्यांची एक मुलगी सापडली. म्हणजे कागदावर सापडली. अंगणवाडीच्या यादीत ‘तीव्र कुपोषित, संदर्भित’, वजन ६.१ किलो, दोन महिन्यांपूर्वीचं. रुग्णालयाच्या नोंदीत ती आलीच नव्हती. हेल्थ पोस्टच्या रजिस्टरवर ‘स्थलांतरित’. आईचा मोबाइल नंबर टीबीच्या यादीत लागला: आईला फुप्फुसाचा टीबी, औषधांना दाद देणारा, पण प्रकृती इतकी खालावलेली की दाखल करावं लागलेलं. त्या कार्डावर घरातले संपर्क लिहिलेले, त्यात सहा वर्षांखालची एक मुलगी. नियमाप्रमाणे तिची तपासणी व्हायला हवी होती, आणि टीबी नाही अशी खात्री झाल्यावर टीबी होऊ नये म्हणून किलोमागे १० मिलिग्रॅम आयसोनियाझिड हे औषध रोज, सहा महिने. पुढे शेरा: ‘घर बंद’.

कुपोषित मूल आणि घरात टीबी ही जोडी दिसली की बालरोगतज्ज्ञ आधी टीबी शोधतात, कारण नुसतं खाऊ घालून असं मूल वाढत नाही. पण ही जोडी दिसायला दोन रजिस्टरं एका टेबलावर यावी लागतात. एकाच इमारतीत, एका मजल्याच्या अंतरावर असूनही ती आलेली नव्हती.

स्थलांतरित म्हणजे कुठे? हे एएनएमने अंगणवाडी सेविकेला विचारलं, पर्यवेक्षिकेला विचारलं. उत्तर दिलं मदतनीसताईंनी. त्या खिचडीचं पातेलं घासत होत्या. म्हणाल्या, ‘गावाला नाही गेल्या मॅडम. मावशीकडे आहेत, नाल्याच्या पलीकडे. पोलीस आले होते ना तेव्हा.’ मदतनीस रजिस्टरवर सही करत नाही, म्हणून तिला कोणी विचारत नाही. वस्तीची सगळ्यांत ताजी माहिती तिच्याकडेच असते.

पोलीस का आले होते, ते मग उलगडलं. आई दाखल झाल्यावर दोन मुली रात्री एकट्याच असायच्या, चौदा महिन्यांची आणि तिची दहा वर्षांची बहीण. शेजारच्या कोणीतरी १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला. मुलींना बाल कल्याण समितीसमोर हजर केलं, समितीने चौकशी करून हमीपत्रावर मावशीच्या ताब्यात दिलं. सगळं कायद्याप्रमाणे आणि माझ्या मते योग्यही. संस्थेत ठेवण्यापेक्षा नात्यात ठेवणं बरं. आदेशात मावशीचा पूर्ण पत्ता होता. म्हणजे चार रजिस्टरं ज्या मुलीला बेपत्ता म्हणत होती, तिचा पत्ता पाचव्या फायलीत होता. आदेशाची प्रत आरोग्य खात्याला पाठवण्याची कोणावर सक्तीच नव्हती.

तो पत्ता मागितला तेव्हा फोनवर उत्तर आलं, ‘मुलीची ओळख गोपनीय असते.’ हे मला आजही पटत नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ वर्तमानपत्रात, प्रसारमाध्यमांत, लोकांपुढे ओळख उघड करायला मनाई करतं. उपचार करणाऱ्या डॉक्टरला पत्ता देऊ नका, असं ते म्हणत नाही. शेवटी पोलीस ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने मदत केली. असा अधिकारी प्रत्येक ठाण्यात नेमलेला असतो, त्याचं नाव आणि नंबर प्रत्येक हेल्थ पोस्टच्या भिंतीवर हवा. पलीकडच्या वॉर्डातल्या सीएचव्ही त्याच दुपारी मावशीकडे गेल्या. वजन ५.६ किलो, लांबी ६८ सेंटिमीटर, दंड ११.१. भूक नव्हती, अंगात ताप. म्हणजे घरी उपचार करण्यासारखी ती राहिलेली नव्हती.

बैठक दुसऱ्या दिवशी. प्रकल्प अधिकाऱ्यांना निमंत्रण होतं, त्यांनी पर्यवेक्षिकेला पाठवलं, आणि तिला बोलण्याचे अधिकार नव्हते. उत्तर वाचून झालं तसे एक सदस्य उठले, ‘नावं आणि पत्ते का दिले नाहीत? प्रशासन लपवाछपवी करतंय.’ मागच्या बाकांवर पत्रकार बसलेले. मी सांगितलं की यातल्या एका मुलीचं प्रकरण बाल कल्याण समितीपुढे आहे, तिचं नाव सभेत वाचलं तर कलम ७४ चा भंग होईल, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घरातल्या माणसाचा आजारही त्यातून उघड होतो. आरडाओरडा झाला. वस्तीची सगळी कामं नावानिशी करून घ्यायची सवय असलेल्या माणसाला हे अडवणुकीसारखं वाटतं, ते मी समजू शकते. पण कुपोषित मुलांची यादी एकदा वाटली की संध्याकाळपर्यंत बिस्किटांचे पुडे आणि फोटो घेऊन माणसं दारात उभी राहतात, हे मी पाहिलेलं आहे.

प्रश्न विचारणाऱ्या नगरसेविका मात्र थांबल्या, आणि त्यांनी त्या दिवसातला सगळ्यांत चांगला प्रश्न विचारला: ‘नावं नकोत. चिठ्ठी दिलेल्यांपैकी किती मुलं रुग्णालयात पोहोचली, किती दिवसांनी, आणि न पोहोचलेल्यांकडे कोण गेलं, एवढं सांगा.’ या तीन रकान्यांत सगळं येतं. कोणाचीही ओळख उघड होत नाही, आणि खात्याला लपायला जागा उरत नाही. माझ्याकडे त्या एका वॉर्डापुरती उत्तरं होती, ती दिली. दर महिन्याला अंगणवाडी, हेल्थ पोस्ट आणि टीबी यांची संयुक्त यादी करावी असं ठरलं. इतिवृत्तात ‘संबंधितांना कळवावे’ असं आलं. बेलापूरला पत्र गेलं. पोच आली.

मुलीला धारावीतल्या पोषण पुनर्वसन केंद्रात नेलं. सुरुवातीला एफ-७५ हे तीव्र कुपोषित मुलांसाठीचं हलकं दूध, किलोमागे दिवसाला १३० मिलिलिटर, म्हणजे तिला दर दोन तासांनी ६० मिलिलिटर, रात्रीसुद्धा. घाईने जास्त पाजलं तर अशा मुलाचं हृदय ते पेलत नाही. आधी भूक परत येऊ द्यायची, मग एफ-१०० या जास्त ताकदीच्या दुधावर न्यायचं. तिथल्या सिस्टर हे काम ज्या चिकाटीने करतात, त्याला तोड नाही. अडचण दुसरीच होती: सोबत एक मोठं माणूस चोवीस तास हवं, आणि मावशी चार घरची धुणीभांडी करणारी. बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळते, पण गेलेली घरं ती परत मिळवून देत नाही. नगरसेविकाबाईंनी त्या चारही घरी स्वतः फोन केले. तीन घरं टिकली.

७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं प्रशासकाचा कारभार राहिला. त्याच २०२२ च्या हिवाळ्याच्या तोंडावर गोवंडीत गोवर पसरला तेव्हा प्रभाग समितीत उभं राहून विचारणारं कोणी नव्हतं. आमच्यातले काही अधिकारी तेव्हा खासगीत सुटकेचा श्वास टाकत होते. मला तो काळ वाईट गेला. संयुक्त यादी कोणी मागितली नाही, म्हणून ती होईनाशी झाली. आता निवडणूक झालीय, समित्या पुन्हा बसतील. ते तीन रकाने मी टाइप करून ठेवलेत, आणि माझ्या वॉर्डात जे निवडून आलेत त्यांना नेऊन देणार आहे.

राहता राहिली ती मोठी बहीण. तिचं काय करायचं हे मला अजून उमगलेलं नाही. ती कुपोषित नव्हती, म्हणून अंगणवाडीच्या तक्त्यात नाही. सहा वर्षांवरची, म्हणून तेव्हाच्या नियमाप्रमाणे टीबीच्या प्रतिबंधक गोळ्यांतही नाही, नुसता खोकला-ताप विचारायचा. शाळेच्या कॅटलॉगवर तिचं नाव कापलेलं नव्हतं, म्हणून ती शाळाबाह्यही नाही. प्रत्यक्षात ती दिवसभर धाकटीला काखेत घेऊन मावशीची दोन मुलं सांभाळत होती. मुख्याध्यापकांशी बोलून तिला नाल्यापलीकडच्या पालिका शाळेत घालायचं पत्र दिलं, तिची तपासणी केली आणि दोन्हीची नोंद उत्तराच्या शेरा रकान्यात लिहिली. बैठकीसाठी छापलेल्या प्रतीत तो रकाना नव्हता. पानाच्या रुंदीत बसत नाही म्हणून शेरा गाळायचा, अशी पद्धत आहे.